सत्तेचाळीस तास

चंडीगडच्या आयटी पार्कमध्ये आमच्या इमारतीत शिरताना फाटकाजवळच्या टेबलाशी थांबावं लागतं. ज्यात माहिती साठवता येते अशी कुठलीही वस्तू आत न्यायला बंदी आहे. पेन ड्राइव्ह नाही, हार्ड डिस्क नाही, मेमरी कार्ड नाही. 2023 च्या जानेवारीत एका सकाळी, समोरच्या इमारतीचे मजले मोजता येऊ नयेत इतकं धुकं असताना, मी अण्णांचा आयपॉड घेऊन त्या टेबलाशी उभी होते. रखवालदारानं तो उलटापालटा केला, मागच्या चकचकीत पत्र्यात स्वतःच्या मिशा पाहिल्या आणि विचारलं, ‘मॅडम, ये फोन है?’ नाही, गाणी ऐकायचं यंत्र आहे, म्हटलं. ‘सिम नहीं लगता?’ नाही. ‘फिर किस काम का?’ असं म्हणत त्यानं तो खणात ठेवला आणि नोंदवहीत लिहिलं, ‘गाने की मशीन, एक.’

दुपारी चहाच्या वेळी सही करून मी तो सोडवला आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. आमच्या मजल्यावर हार्डवेअर बघणारा एक सहकारी आहे, कांगड्याचा. त्याला आवाज ऐकवायचा होता. त्यानं हेडफोन लावले नाहीत. आयपॉड थेट कानाला लावला, डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा. आतून टिक, टिक, मग थोडी घरघर, मग परत टिक. ‘डिस्क जा रही है,’ तो म्हणाला. ‘जो निकालना है, पहले निकाल लो. खोलना बाद में.’

मी सॉफ्टवेअर तपासते. सोळा वर्षं नोकरी करूनही कुठलं यंत्र उघडलेलं नव्हतं. अण्णांना मात्र वाटतं की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणजे तिला हे येतंच. दिवाळीला सांगलीला गेले तेव्हा त्यांनी तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. ‘टिकटिक करतंय गं. बघ की जरा. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावून देतात, तसं तुमच्यात कुणी असेल.’

आमच्याकडे हा आयपॉड 2006 मध्ये आला. ताईचे यजमान अमेरिकेहून येताना घेऊन आले होते. पाचव्या पिढीचा, 30 जीबीचा, पांढरा. 2001 च्या ऑक्टोबरात पहिला आयपॉड निघाला तेव्हा त्यात 5 जीबी जागा होती, आणि ती होती तोशिबाच्या पावणेदोन इंचांहून जरा मोठ्या हार्ड डिस्कमध्ये. चकती फिरते, तिच्यावरून एक बारीक दांडी सरकते. पाचव्या पिढीतही मूळ रचना तीच. म्हणजे या डबीत एक छोटा ग्रामोफोनच आहे असं मी अण्णांना तेव्हा सांगितलं होतं. ते त्यांना इतकं पटलं की पुढं प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ते सांगितलं.

सांगलीत आमचं घर गावभागात, नदीच्या बाजूला. घरात कॅसेटी दोनशेच्या वर. काही आकाशवाणी सांगलीवरून रात्री ध्वनिमुद्रित केलेल्या, काही मिरजेच्या दर्ग्यातल्या उरसाच्या वेळच्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ त्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि उरसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून ते सायकलवरून मिरजेला जायचे. निवृत्तीनंतर त्यांनी या कॅसेटी आयपॉडमध्ये भरायला घेतल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरला, आणि ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं मुद्रण. कॅसेटीची एक बाजू पाऊण तासाची असेल तर पाऊण तास बसायचं, घाई चालत नाही. अण्णा बसायचे.

एका गोष्टीवर आमचं भांडण झालं. मी म्हणत होते, एमपीथ्री करा, दहापट मावेल. त्यांनी मुद्रणं वेव्ह फाइली म्हणूनच ठेवली, न दाबता, न चेपता. ‘मिरजेत बसल्यासारखं ऐकू आलं पाहिजे. चेपलेलं नको.’ वेव्हमध्ये एका मिनिटाला साडेदहा एमबी लागतात, तासाला 635. तेव्हा 30 जीबीत मावले जेमतेम सत्तेचाळीस तास. एकसष्ट बाजू. दोनशे कॅसेटींमधून एकतीस निवडायच्या, त्यातल्याही एकीची एकच बाजू. त्यांनी वर्षभर यादी केली, खोडली, परत केली. एखादी नवी आत घ्यायची तर जुनी एक काढायची. एकदा कुणाला काढलं म्हणून दोन दिवस ते नीट जेवले नव्हते, असं आई सांगायची.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातले तळमजले बुडाले. आमचाही. अण्णा-आई आदल्या रात्री मिरजेला आत्याकडे गेले ते औषधांची पिशवी, रेशनकार्ड, आणि अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात आयपॉड, एवढं घेऊन. पाणी ओसरल्यावर कॅसेटींचं कपाट उघडलं तर आत गाळ वडीसारखा बसलेला होता. कॉम्प्युटरही गेला. म्हणजे त्या दिवसापासून त्या सत्तेचाळीस तासांची जगात एकच प्रत होती आणि ती अण्णांच्या खिशात होती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चंडीगडला बसून मी पैसे पाठवले, गाद्या पाठवल्या, फ्रिज घेऊन दिला. प्रत काढून घ्यायचं सुचलं नाही.

मणीमाजऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी त्या आठवड्यात कामाला लागले. लॅपटॉपला आयपॉड जोडला. तो नेहमीच्या डिस्कसारखा दिसतो, पण आतली गाणी लपवलेल्या एका फोल्डरमध्ये असतात, आणि त्यांची नावं यंत्रानं स्वतः ठेवलेली, अर्थ नसलेली चार अक्षरं. एकसष्ट फाइली, एकसष्ट चौकड्या. एमपीथ्री असती तर फाइलीच्या पोटातच गाण्याचं नाव लिहिलेलं असतं. अण्णांच्या वेव्ह फाइलींच्या पोटात काहीच नव्हतं. कुठली चौकडी म्हणजे कुठली कॅसेट हे सांगणारी एकच जागा होती: आयपॉडची सूची, एक वेगळी छोटी फाइल. ती वाचता आली नसती तर एकसष्ट निनावी मुद्रणं हाती आली असती आणि ती ओळखायला परत अण्णांनाच सत्तेचाळीस तास बसावं लागलं असतं.

मरत्या डिस्कवरून उतरवून घ्यायची एक पद्धत आहे. डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग पटापट वाचून घेतो, जिथं अडेल ती जागा नकाशात टिपून पुढं जातो, आणि सगळं झाल्यावर त्या वाईट जागांकडे परत येतो, लहान लहान घास घेत. त्याला तीन रात्री लागल्या. आयपॉड तापायचा, तेव्हा मी तो खिडकीच्या गजांना टेकवून ठेवायचे. बाहेर चार अंश होते. खिडकीतून आयटी पार्कच्या इमारतींचे दिवे दिसायचे आणि धुकं हटलं की त्यांच्यामागं डोंगरावर कसौलीचे. टिकटिक चालू असली की जीव भांड्यात असायचा. थांबली की मी उठून बसायचे.

सूची पहिल्याच रात्री निघाली, पूर्ण. तिसऱ्या सकाळी हिशेब लागला. अठ्ठावन्न बाजू शाबूत. तीन जखमी.

त्या सूचीत नावांशिवाय आणखी काही असतं हे मला माहीत होतं, पण ते अण्णांचं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. कुठलं गाणं किती वेळा वाजलं आणि शेवटचं कधी, हे आयपॉड लिहून ठेवतो. कॉम्प्युटरला जोडलं की ते आकडे मूळ सूचीत मिळवले जातात. जोडलं नाही तर वेगळ्या फाइलीत साठत राहतात. अण्णांचा कॉम्प्युटर पुरात गेलेला, त्यामुळे पुरानंतरचं सगळं ऐकणं त्या वेगळ्या फाइलीत साठलेलं होतं. आणि गाणं शेवटपर्यंत वाजलं तरच एक आकडा वाढतो. मध्येच बंद केलं तर ते ऐकणं धरत नाहीत.

अण्णा कुणालाही भीमसेन जोशींचं नाव सांगतात. त्यांच्या बाजू आठ. पुरानंतर कुठलीच सहाच्या वर गेलेली नव्हती. मल्लिकार्जुन मन्सूर, अकरा. आणि एक बाजू होती ‘मास्तर 86 बी’ नावाची. ती 214 वेळा वाजली होती. शेवटचं ऐकलं त्याची वेळ संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटं.

मास्तर कोण ते मला ठाऊक होतं. अण्णा दोन वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकले, मग नोकरी लागली आणि सुटलं. मास्तर कधी रेडिओवर गायले नाहीत, त्यांची तबकडी निघाली नाही. अण्णांनी 1986 मध्ये त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर ठेवून नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटीत त्यांना उतरवलं होतं. ए बाजूला यमन, बी बाजूला पुरिया. जखमी तीन बाजूंपैकी एक हीच.

बावीस मिनिटांपर्यंत पुरिया नीट होता. मागं तंबोरा, मध्येच कुणाचं तरी खोकणं, रस्त्यावरून जाणारी सायकलची घंटा. मग, द्रुत सुरू होणार असं वाटत असतानाच, आवाज तुटत होता. जिथं डिस्क वाचता आली नाही तिथं शून्यं भरली गेली होती. फाइल सेहेचाळीस मिनिटांची दिसत होती. पुढची चोवीस मिनिटं निव्वळ शांतता.

ती बाजू वारंवार वाजत होती म्हणून तिथंच डिस्क गेली, असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण एक गणित मी त्या रात्री मांडलं. आयपॉड गाणं वाजवताना चकती सतत फिरवत नाही. थोडं गाणं 32 एमबीच्या रॅममध्ये उचलून घेतो, चकती थांबवतो, आणि ते संपत आलं की परत फिरवतो. साध्या एमपीथ्रीला एवढ्यात अर्धा तास निघतो. वेव्हला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणजे एका बाजूत चकती पंधरा-सोळा वेळा उठायची आणि बसायची. मिरजेत बसल्यासारखं ऐकू यावं हा जो अण्णांचा हट्ट होता, त्यानंच ते यंत्र झिजलं असावं. मला त्यांच्यावर राग आला, आणि मग लगेच लाज वाटली. माझ्या सल्ल्यानं यंत्र टिकलं असतं. मास्तरांचा आवाज मात्र चेपलेला ऐकावा लागला असता.

उघडायचं काम शेवटी रविवारी केलं. डिस्कच्या जागी बसणारी पट्टी टपालानं मागवली होती. आयफ्लॅश म्हणतात तिला. एका बाजूला जुन्या डिस्कचा कनेक्टर, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यातलं साधं एसडी कार्ड. आयपॉडला वाटतं की समोर डिस्कच आहे. कंपनीनं 2022 च्या मे महिन्यात आयपॉड बनवणं कायमचं बंद केलं, तरी जगभर लोक जुने आयपॉड असे उघडून चालू ठेवतात ते याच पट्टीसारख्या गोष्टींच्या जोरावर. 128 जीबीचं कार्ड मी सेक्टर 22 मधून आणलं. तिथल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं पत्रा उचकटायला गिटार वाजवायची प्लास्टिकची नखी दिली आणि पैसे घेतले नाहीत. ‘स्क्रूड्राइवर मत लगाना,’ एवढंच बजावलं.

कांगड्याच्या सहकाऱ्यानं दुसरी सूचना दिली होती: हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून बसू नकोस. उत्तरेतल्या कोरड्या थंडीत लोकरीवर स्थिर वीज साठते, आणि बोटातून निघालेली एक ठिणगी सर्किटला पुरते. तेव्हा सुती कुर्त्यात, कुडकुडत, दर दोन मिनिटांनी नळाला हात लावत मी बसले. आधी होल्डचं बटण सरकवलं. मग पांढरं प्लास्टिक आणि पत्रा यांच्या फटीत नखी घालून कडेनं फिरवली. एकेक खाच टक् करून सुटत गेली. पत्रा झटकन ओढायचा नाही, कारण बॅटरी त्याला चिकटलेली असते आणि तिची नारिंगी पट्टी दुसऱ्या अर्ध्याला जोडलेली. त्या पट्टीला धरून ठेवणारी चिमुकली खिट्टी नखानं वर करायची, केसाएवढी. ती तुटली की यंत्र संपलं. माझा श्वास थांबला होता हे ती सुटल्यावर कळलं. मग हेडफोनची पट्टी, मग निळ्या रबरात बसवलेली डिस्क. ती तळहातावर घेतली तर काड्यापेटीहून थोडी मोठी, आणि वाटलं त्याहून जड.

नवी पट्टी बसवली, खिट्ट्या लावल्या, पत्रा दाबला. यंत्रानं आधी रुसलेला चेहरा दाखवला, ते अपेक्षितच होतं. त्याचं मूळ सॉफ्टवेअर नव्यानं भरलं, मग फाइली आणि सूची. ‘मास्तर 86 बी’ पुढं 214 लिहायचे की नाही यावर मी थोडा वेळ थांबले. ज्या बाजूला ते 214 लागू होते ती बाजू आता अर्धी नव्हती. तरी लिहिले. ऐकणं तर झालेलं होतं.

मग अण्णांना फोन केला. आधी चांगली बातमी. ‘अण्णा, आता चौपट जागा झालीय. तुम्हाला भीमसेनांचं जे जे मिळेल ते सगळं घालून देते. मन्सूर, कुमार, सगळे.’

‘नको,’ ते म्हणाले. ‘माझं तेवढंच राहू दे. बाकीचं मोबाइलवर मिळतंच की.’

मग तीन नावं सांगितली. आकाशवाणीच्या दोन बाजूंवर ते म्हणाले, ‘जाऊ दे, त्यात खरखरच फार होती.’ तिसरं नाव सांगितल्यावर काही बोलले नाहीत. मागं आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती ते ऐकू येत होतं.

‘किती राहिलंय?’

‘बावीस मिनिटं. द्रुतच्या आधी तुटतंय. पुढं नुसती शांतता आहे. ती कापून टाकू का? आवाज हळूहळू कमी करत नेते, म्हणजे एकदम तुटल्यासारखं वाटणार नाही.’

‘कॅसेट तरी कुठं गाणं संपलं म्हणून संपायची? बाजू संपली की खट्. मास्तरांचं द्रुत तसंही पुरतं आलेलं नव्हतं.’ थोडं थांबून म्हणाले, ‘काही कापू नको गं. हाय तसं ठेव.’

214 बद्दल मी बोलले नाही. ते त्यांचं होतं, चुकून माझ्या हाती लागलेलं. पत्र दुसऱ्याच्या नावाचं असावं आणि पाकीट आधीच उघडं मिळावं, तसं वाटत होतं.

होळीला ताई दिल्लीहून सांगलीला जाणार होती, तिच्याबरोबर आयपॉड पाठवला. पोचल्यावर अण्णांचा फोन आला. ‘हलका झालाय. आणि कानाला लावला तर आत काही फिरत नाही.’ तक्रार होती की नुसती नोंद, कळलं नाही. डिस्क नाही म्हणून हलका, हे समजावून सांगितलं. ‘ग्रामोफोन गेला म्हणायचा,’ ते म्हणाले.

गणपतीला घरी गेले तेव्हा सगळं नीट चाललंय ना हे बघायला म्हणून मी तो लॅपटॉपला जोडला. 128 जीबीच्या कार्डात तेच सत्तेचाळीस तास, बाकी जागा रिकामी. भीमसेन होते तिथंच होते. ‘मास्तर 86 बी’ पुढं 223 होते.

शेवटपर्यंत वाजल्याशिवाय तो आकडा वाढत नाही. म्हणजे होळीपासून गणपतीपर्यंत नऊ वेळा बावीस मिनिटांचा पुरिया आणि त्यापुढची चोवीस मिनिटं. झोप लागत असेल, असंही असेल. संध्याकाळी अण्णांना आरामखुर्चीत डुलकी लागते. त्या संध्याकाळी आरतीआधी ते गॅलरीत बसले होते, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. किती मिनिटं झाली होती ते मी पाहिलं नाही. मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताची बोटं द्रुत तीनतालात हलत होती. मी आत जाऊन आईला म्हटलं, आरतीला अजून थोडा वेळ आहे.